वारंवार लागणारा पिवळा दिवा

मोटारीच्या चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरविताच तो लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. कधी मात्र तो विझतच नाही, कधी वाटेत अचानक लागतो. अशा वेळी काही जण घाबरून गाडी तेथेच उभी करतात. पुष्कळसे त्याकडे काणाडोळा करून पुढे जातात. एका गृहस्थांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकलेली आम्ही पाहिली आहे. रात्री डोळ्यांवर उजेड येतो, असे त्यांचे म्हणणे!

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या दारी आता भाजी, फुले, दूध अथवा मासळी वाहणारा एखादा छोटा ट्रक उभा असतो. तो बहुधा नवा नसतो. कोणाकडून तरी वापरलेला घेतलेला असतो, पतपेढीचे हप्ते चालू असतात, आणि तो दोन दिवस उभा राहिला तर घरच्या हिशेबास भगदाड पडते. धर्मगुरूने प्लग आणि टॅपेट यांविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटले तरी वाटो. हा विषय आम्ही आज घेत आहोत. निमित्त घडले ते हैदराबादेत, अंबरपेठेत.

अंबरपेठ ही हैदराबादच्या पूर्व अंगास, मुसी नदीच्या उत्तरेस असलेली दाट वस्ती. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे त्या शहराशी मराठी घरांचे येणेजाणे जुनेच आहे. वरंगळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६३ अंबरपेठेतूनच रामंतापूर व उप्पल या बाजूस जातो. नदी ओलांडली की मलकपेठचा बाजार लागतो. तेथे महाराष्ट्रातूनही कांदा येतो. मूळ नांदेडकडील एक कुटुंब ह्याच बाजारातून कांदा-बटाटा उचलून लहान दुकानदारांना पोहोचविते. आम्ही काही दिवस त्या भागात राहिलो असता त्यांच्या ट्रकाची कहाणी आमच्या कानी आली.

ट्रक २०१८ सालचा, चार सिलिंडरांचा, पेट्रोल आणि सीएनजी या दोहोंवर चालणारा. (सिलिंडर म्हणजे येथे इंजिनातील नळकांडी समजावीत, गॅसची टाकी निराळी.) सकाळी गार असताना तो तक्रार न करता सुरू होई. उप्पलच्या रस्त्यावर भरल्या मालानिशी पळे. परंतु दुपारी 'छे नंबर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबरपेठेतील चौकात वाहनांच्या रांगेत दहा मिनिटे उभा राहिला की त्याचे अंग थरथरू लागे आणि पिवळा दिवा लागे. रांग सुटून गाडी पळू लागली की थरथर थांबे. दिवा मात्र तसाच राही. आपल्याकडे ह्या दुखण्यास 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतात. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात गॅस अथवा पेट्रोल भरले जाते, पण ते पेटत नाही, किंवा पुरते पेटत नाही. मग उरलेले तीन त्याचे ओझे ओढतात.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजातील उस्तादांनी स्कॅनर लावला. त्यावर आकडा आला 'पी ०३०३'. ह्या आकड्यांची भाषा जगभर एकच ठरलेली आहे. ०३०० म्हणजे नेमके कोणते सिलिंडर ते सांगता येत नाही, पण मिसिंग आहे. ०३०१ म्हणजे पहिले, ०३०२ म्हणजे दुसरे, आणि त्याच क्रमाने पुढे. येथे तिसरे सिलिंडर दोषी ठरले. उस्तादांनी त्याचा प्लग बदलला आणि स्कॅनरवरून तो आकडा पुसून टाकला. दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला. मग कॉईल बदलली, पुन्हा आकडा पुसला. ह्या खेपेस आठवडा गेला. मग इंजेक्टर साफ झाले. मग कोणी सांगितले की बॅटरीची तार काढून अर्धा तास ठेवा, तेही झाले. प्रत्येक वेळी हजार-दोन हजार रुपये गेले आणि प्रत्येक वेळी दिवा परत आला. घरात धुसफूस सुरू झाली. थोरल्या मुलाचे मत पडले की उस्ताद लबाड आहेत, मुद्दाम काम अर्धवट ठेवतात. धाकटा म्हणे, गाडी विकून टाकू. वडील दोघांच्या मध्ये बसून हप्त्याची तारीख मोजीत. ज्या उस्तादांशी वीस वर्षांचा घरोबा, त्यांच्या दारावरून मान फिरवून जाण्याची वेळ आली होती.

ह्या लबाडीच्या आरोपाचा विचार करण्यापूर्वी दिवा लागतो कसा, हे पाहिले पाहिजे.

अशी देखरेख करणारी यंत्रणा अमेरिकेत १९९६पासून सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. आपल्याकडे तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१०मध्ये आला. त्याच वेळी भारत स्टेज चारचे प्रदूषणाचे नियम हैदराबाद, मुंबई, पुणे, सोलापूर आदी तेरा शहरांत लागू झाले. साऱ्या देशात ते पोहोचण्यास एप्रिल २०१७ उजाडले. पहिल्या टप्प्यातील यंत्रणा मुख्यतः तारा तुटल्या आहेत काय, जोड निसटले आहेत काय, एवढेच पाही. मिसिंगवर पाळत ठेवण्याचे बंधन आले ते एप्रिल २०१३च्या दुसऱ्या टप्प्यापासून. तेव्हा त्यापूर्वीच्या गाडीत हा दिवा लागला नाही म्हणून इंजिन निरोगी आहे असे मानू नये.

ही पाळत ठेवण्याची रीत मोठी कल्पक आहे. सिलिंडरात डोकावून पाहणारे असे काही तेथे नसते. इंजिनाच्या क्रँकवर एक दातेरी चाक असते. त्यास बहुधा साठ दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरीची सुरुवात कोठे ते कळते. शेजारचा सेन्सर हे दात मोजतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक अर्ध्या फेरीस एक स्फोट होतो. गाडी जागीच उभी असून इंजिन मिनिटास ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदास २५ स्फोट झाले. दोन स्फोटांमधील अंतर एका सेकंदाचा पंचविसावा भाग. एखादा स्फोट हुकला की ती अर्धी फेरी किंचित लांबते. आपल्या हातापायांस तो फरक थरथरीच्या रूपाने कळतो. गाडीतील संगणकास तो कोणत्या सिलिंडरच्या पाळीत पडला हेही कळते. अतिशय खराब रस्त्यावर चाकांचे हादरे क्रँकपर्यंत पोहोचून कधी कधी त्याचीही फसगत होऊ शकते, म्हणून पुष्कळ गाड्यांत तशा रस्त्यावर ही मोजणी काही काळ थांबविण्याची सोय असते. आपल्याकडील रस्ते पाहता ती सोय करणाऱ्यास दूरदृष्टी होती खरी.

एकदा स्फोट हुकला म्हणून संगणक लगेच दिवा लावीत नाही. पहिल्या फेरफटक्यात दोष आढळला तर तो मनाशी टिपून ठेवतो. पुढच्या फेरफटक्यात तोच दोष पुन्हा आढळला म्हणजे दिवा लावतो. त्यानंतर सलग तीन फेरफटके निर्दोष गेले तर दिवा आपोआप विझू शकतो, परंतु नोंद पुढे बराच काळ, साधारणपणे इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापेपर्यंत, आत राहते.

आता अंबरपेठेतील चार दिवसांचे आणि आठवड्याचे कोडे उलगडते. आकडा पुसला की संगणक कोऱ्या पाटीने आरंभ करतो. दिवा पुन्हा लागण्यास दोष दोनदा दिसावा लागतो, आणि हा दोष तर केवळ तापलेले इंजिन बराच वेळ उभे राहिले तरच दिसे. ज्या आठवड्यात चौकात रांग कमी, त्या आठवड्यात दिवा उशिरा. प्लग बदलल्याने चार दिवस बरे गेले आणि कॉईल बदलल्याने आठ, असे जे घरच्यांस वाटत होते, त्यात प्लगचा गुण नव्हता आणि कॉईलचाही नव्हता.

आकडा पुसण्याने आणखी एक मोठे नुकसान होते. दोष टिपताना संगणक त्या क्षणाची स्थितीही टिपून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती, पाण्याचे तापमान किती, गाडीचा वेग किती, इंजिनावर भार किती. मेकॅनिक लोक ह्यास 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. पंचनाम्यासारखा हा कागद आहे. आकडा पुसला की हाही पुसला जातो. बॅटरीची तार काढली तरी बहुतेक गाड्यांत तीच गत. म्हणजे दर खेपेस रोग्याने सांगितलेली हकीकत ऐकण्यापूर्वीच त्याचे तोंड बंद करण्यात येत होते. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणात वाया गेलेल्या पैशांचे खरे कारण हेच.

उस्तादांशी आमचे बोलणे झाले तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, "फादर, प्लग-कॉईल पहिल्यांदा बघणे चूक नाही. पण हे लोक गाडी सकाळी दहाला आणतात आणि अकराला न्यायची म्हणतात. रात्रभर ठेवा म्हटले की चेहरा उतरतो." त्यांचे म्हणणे आम्हांस सर्वस्वी पटले. सीएनजी पेटविण्यास पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे गॅसवरील गाडीत प्लग आणि कॉईल लवकर थकतात. आरंभ तेथूनच करावा हे शहाणपणाचे. पण ह्या दोषाची परीक्षा गार इंजिनावर एकदा आणि तापल्यावर एकदा अशी दोनदा करावयास हवी होती, आणि त्यासाठी ट्रक संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत गॅरेजात राहणे अवश्य होते. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यास तो एक दिवस परवडत नाही. न परवडलेल्या त्या दिवसापायी त्याचे दहा दिवसांचे पैसे जातात. ह्यात लबाडी कोठे आहे? थोरल्या मुलास आम्ही हे सांगितले. तो काही बोलला नाही, पण शनिवारी संध्याकाळी ट्रक स्वतः नेऊन उस्तादांच्या दारी लावून आला. रविवारी बाजारासाठी शेजाऱ्यांचा टेम्पो भाड्याने घेतला.

शनिवारी प्रथम फ्रीझ फ्रेम वाचली. ह्या वेळी कोणीही आकडा पुसलेला नव्हता. गाडीचा वेग शून्य, फेरे उभ्या इंजिनाचे, पाणी पूर्ण तापलेले. चौकातील थरथर जणू लिहून ठेवलेली होती. मग तिसऱ्या सिलिंडरची कॉईल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर बसविली. प्लगांचीही तशीच अदलाबदल केली. नवी वस्तू एकही विकत आणली नाही. कॉईल दोषी असती तर आकडा तिच्यामागोमाग ०३०२ झाला असता. तो ०३०३च राहिला. ठिणगीचा संशय संपला.

पुढची परीक्षा आम्हांस विशेष आवडली, कारण तिला एक पैचाही खर्च नाही. गाडी दोन इंधनांवर चालते आणि दोहोंचे इंजेक्टर निरनिराळे असतात. गॅस बंद करून पेट्रोलवर चालविली. मिसिंग तेथेही, त्याच सिलिंडरात. गॅसचा इंजेक्टर आणि पेट्रोलचा इंजेक्टर, दोघेही एकाच सिलिंडरवर एकाच वेळी बिघडावेत हे संभवत नाही. इंधनाचाही संशय संपला. ज्या वाचकांकडे अशी दुहेरी गाडी असेल त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. इंजेक्टर साफ करण्याचे पैसे देण्यापूर्वी पेट्रोलचे बटण दाबून पाहावे. अर्थात त्यासाठी टाकीत थोडे पेट्रोल असावे लागते, आणि पुष्कळांच्या टाकीत ते नसते! गॅसच्या नळ्या अथवा जोड मात्र घरच्या पान्याने कोणी सोडवू नयेत. ते काम जाणकाराचेच.

बाहेरची हवा कोठून आत शिरते काय, तेही पाहिले. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये फट पडली असती तर उभ्या इंजिनात अशीच थरथर झाली असती, फट नव्हती. जुन्या ट्रकात तारांचे आवरण घासून उघडे पडते, अर्थिंगची पट्टी गंजते, पावसाचे पाणी जोडांत बसते. मुसारामबागचा जुना सखल पूल पुराच्या पाण्याखाली जात असे. पाण्यातून गेलेल्या किती तरी गाड्या नंतर ह्याच गॅरेजात आल्याचे उस्तादांनी सांगितले. ह्या ट्रकाच्या तारा मात्र धड होत्या.

उरले ते कॉम्प्रेशन. रविवारी सकाळी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, चारही प्लग काढून, इंधन व ठिणगी बंद करून, गेज लावून स्टार्टर फिरविला. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. थोरला मुलगा हिरमुसला. उस्ताद हसले आणि म्हणाले, "आता तापू द्या." प्लग बसवून इंजिन अर्धा तास जागीच चालू ठेवले, थरथर सुरू होताच बंद करून पुन्हा मोजले. तीन सिलिंडरांचे आकडे पहिल्यासारखेच. तिसऱ्याचा जवळजवळ एकतृतीयांशाने उतरलेला. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घातले. रिंगा झिजल्या असत्या तर ह्या ऑइलाने फट बुजून आकडा वर चढला असता. चढला नाही. दाब वरून, व्हॉल्व्हमधून निसटत होता.

संध्याकाळी इंजिन पुन्हा गार झाल्यावर टॅपेटचे झाकण उघडले. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांब होते. त्या लांबीसाठी तिच्या डोक्यावर एक बारीक फट राखलेली असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी. नेमके माप गाडीगाडीगणिक निराळे. तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर ती फट उरलीच नव्हती. फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेही आत जाईना. गार असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसे. तापला की दांडी लांब होऊन तो केसभर उघडाच राही आणि दाब निसटे. इंजिन वेगाने फिरत असताना निसटण्यास वेळच थोडा मिळतो, म्हणून उप्पलच्या रस्त्यावर गाडी नीट पळे. चौकात संथ फिरताना सारा दाब हातचा जाई.

फट का बुजली, तर गॅसमुळे. पेट्रोल ओले असते. पेट्रोलचे इंजिन चालताना व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांना थोडाबहुत ओलावा मिळतो. सीएनजी कोरडा. वर्षानुवर्षे कोरडे आपटून आपटून बैठक झिजते, व्हॉल्व्ह तेवढा वर सरकतो, आणि वरची फट कमी कमी होत जाते. टॅपेट सैल असला तर तो टकटक वाजतो आणि चालक गाडी दाखवावयास आणतो. घट्ट झालेला टॅपेट आवाज करीत नाही. उलट इंजिन अधिक शांत वाटते, आणि मालक समाधानाने मान डोलावितो! ट्रक घेतल्यापासून ह्या कुटुंबाने टॅपेट एकदाही तपासले नव्हते. त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते.

उस्तादांनी सोळाही व्हॉल्व्ह पुस्तकातील मापाप्रमाणे लावले. एक धास्ती शिल्लक होती. घट्ट व्हॉल्व्ह पुष्कळ दिवस तसाच चालला तर त्याची कड जळते, मग हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नसते आणि खर्च पाच आकड्यांत जातो. सोमवारी तापलेल्या इंजिनावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजले. तिसरा बाकीच्यांच्या बरोबरीस आला. कड वाचली होती. पॅकिंग, मजुरी आणि नवे ऑइल धरून जो खर्च आला तो एका कॉईलच्या किमतीपेक्षाही कमी. त्यानंतर, आणि त्यानंतरच, आकडा पुसण्यात आला.

दिवा नुसता लागलेला असणे आणि त्याने उघडझाप करणे यांत मोठा भेद आहे, तो घरातील प्रत्येक चालकास माहीत असावा. नुसता लागला असेल तर गाडी हळू चालवीत घरी अथवा गॅरेजात नेता येते. उघडझाप करू लागला तर मिसिंग इतके आहे की न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जात आहे. त्या वाटेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे चिनीमातीच्या जातीचे एक जाळीदार भांडे असते. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा लेप असतो. विषारी धूर निवविण्याचे काम त्याचे. कच्चे इंधन तेथे जाऊन पेटले की उष्णता हजार अंशांपलीकडे जाऊ शकते आणि ती जाळी वितळून बुजते. गाडी श्वास कोंडल्यासारखी होते, पिकअप जातो, आणि त्या एका भांड्याची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो. अशा वेळी रस्त्याच्या कडेस थांबावे. भार टाकून, चढ चढवून 'एवढी खेप करून घेऊ' असे म्हणू नये. मिसिंग मारणारी गाडी पीयूसीच्या तपासणीतही अडकते, कारण धुरातील न जळलेल्या इंधनाचे प्रमाण तेथे मोजले जाते.

गॅरेजात गाडी नेताना दिवा कधी लागला, इंजिन गार होते की तापलेले, गाडी उभी होती की पळत होती, गॅसवर की पेट्रोलवर, माल होता की रिकामी, एवढे कागदावर लिहून न्यावे. आणि मेकॅनिकला आरंभीच सांगावे की आकडा पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम वाचून आम्हांस दाखवा. ज्याला ती वाचता येत नाही त्याने रागावण्याचा संभव आहे. त्याची फार फिकीर करू नये.

डिझेलच्या ट्रकाची गोष्ट वेगळी. तेथे ठिणगीचा प्लग नसतोच. शोध इंजेक्टर, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा आणि कॉम्प्रेशन यांपासून सुरू करावा लागतो. त्यास बरीच जागा लागेल, म्हणून ते पुढील एखाद्या अंकासाठी राखून ठेवीत आहोत.